घरधनिणीस

बॅलीकॅसल,
२९ जुलै १९३४

प्रिय ऊना,

फेब्रुवारीत आई गेल्याचा निरोप धाडला, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. तुझ्या दोन ओळी आल्या होत्या. तू मातीला आली नाहीस, मी उत्तर दिलं नाही, तेव्हा फिटंफाट झाली असं समज. आज कामाचं लिहितेय, आणि उभ्यानं लिहितेय, कारण बसवत नाही.

लॅमासची जत्रा यंदा सत्तावीस-अठ्ठावीस ऑगस्टला आहे. गेल्या वर्षी आई अंथरुणावर होती म्हणून डायमंड चौकातली आपली जागा रिकामी राहिली. यंदाही राहिली तर ती गेलीच. नियम तुला माहीत आहे, दोन जत्रा रिकामी तर तिसरीला दुसऱ्याची. बॅलीमीनाचा एक पेपरमिंटवाला आत्तापासून येऊन आपली जागा पावलांनी मोजतो. मला पाहिलं की अदबीनं टोपी काढतो मेला.

तर झालंय असं की आपली ती पिवळी टॉफी, यलोमॅन, मला जमत नाही. चार घाणे काढले, चारही चिकट. साखर तीच, सिरप तेच, लोणी आणि व्हिनेगर तेच, शेवटी सोडा तोच. सोडा पडला की पाक फसफसून वर येतो, पिवळाधमक होतो, जाळी पडते, मला वाटतं जिंकलं. थंड झाल्यावर हातोडी मारावी तर हातोडीच त्यात रुतून बसते. जत्रेतला माणूस यलोमॅन हातोडीनं फुटताना बघायला येतो, ओढून काढायला नाही.

एकवीस वर्षं मी आईशेजारी उभी राहून पाक ढवळला, पण उतरवायचा केव्हा ते तीच सांगायची. ओठांतल्या ओठांत काहीतरी जपत असायची, मग नुसतं ‘हं’ म्हणायची, की मी पातेलं उचलायचं. उकळत्या पाकाला भिऊन प्रार्थना करते असं मी समजत होते. माझ्याआधी तिच्याजवळ तू उभी असायचीस. तुला ठाऊक असणार. लिहून कळव, नाहीतर सरळ ये.

कॅसी

*

रॅथलिन बेट,
३ ऑगस्ट

कॅसी,

ती प्रार्थना नव्हे, ते तिचं घड्याळ होतं. पाकाला करपल्यासारखा पहिला वास आला की सात नमो मरिया म्हणायच्या आणि उतरवायचा. भिंतीवरच्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. चर्चचं घड्याळसुद्धा फादरांच्या भुकेवर चालतं म्हणायची. झालं तुझं काम.

येण्याचं म्हणशील तर येणार नाही. होडीवाल्या ॲलेकशी लग्न केलं म्हणून आईनं मला उंबऱ्याबाहेर काढलं, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, पण बहिरी नव्हतीस. ‘बेटावर गेलीस म्हणजे बुडालीस’ हे तू ऐकलंयस. त्याचंही एक वेळ काही नाही. माणूस रागात बोलतो. पण त्यानंतर बावीस जत्रा झाल्या. सगळ्या गावाला तिनं यलोमॅन खिलवला, सैन्यातल्या अनोळखी पोरांना फुकट तुकडे दिले, आणि सहा मैलांवरच्या पोटच्या मुलीला एक कण धाडला नाही. ॲलेक दर जत्रेला मेंढ्या घेऊन येतो. त्याच्या हातीसुद्धा नाही. त्या चुलीपुढे मी कशाला येऊन उभी राहू?

सात म्हण. आठ नको, करपेल.

ऊना

*

बॅलीकॅसल,
६ ऑगस्ट

प्रिय ऊना,

सात म्हटल्या. चिकट. पुन्हा सात म्हटल्या. पुन्हा चिकट. पण ते बाजूला ठेव, तुझं पत्र वाचल्यापासून मी घरभर येरझाऱ्या घालतेय.

कण धाडला नाही म्हणजे काय? दर जत्रेला, पहिल्या ताटातला पहिला तुकडा आई तुझ्यासाठी काढायची. चांगला तळहाताएवढा. मेणकागदात गुंडाळून, पिशवीत घालून, दोरी बांधून स्वतः धक्क्यावर जायची आणि ॲलेकच्या हातात द्यायची. त्याच्याशी बोलायची नाही, नुसती द्यायची. मी डोळ्यांनी पाहिलंय. बावीस वेळा नाही, पण समज आल्यापासून दर वर्षी. गेल्या जत्रेलासुद्धा, स्वतःला करता येईना तर जुन्यातला उरलेला तुकडा माझ्या हाती धाडला होता.

आणि सप्टेंबरात तुझ्याकडून डल्सची पिशवी यायची. आई ती विकायच्या डल्समध्ये मिसळू द्यायची नाही. वेगळ्या फळीवर ठेवायची आणि हिवाळाभर एकेक खारट पान तोडून चघळत बसायची. ‘शेवाळ वाळवायला वेळ आहे हिला, दोन शब्द लिहायला नाही,’ असं म्हणायची. पण चघळायची. मला तर वाटत होतं की तुम्हा दोघींचं तेवढ्यावर भागलंय.

मग तो यलोमॅन गेला कुठे? ॲलेकला विचार. मी त्याला चोर म्हणत नाही, पण विचार.

कॅसी

*

रॅथलिन,
१२ ऑगस्ट

कॅसी,

पाच दिवस समुद्र उसळलेला होता, एकही होडी गेली नाही, म्हणून उशीर. एका अर्थी बरंच झालं. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर कागद जळाला असता.

मी कधी डल्स पाठवलं नाही. पिशवीही कधी पाहिली नाही. तुझं पत्र वाचलं आणि ॲलेकला जाळं विणताना गाठून विचारलं, माझ्या आईनं तुझ्या हाती दिलेल्या पिशव्या कुठे गेल्या. तो म्हणाला, जिच्या होत्या तिला दिल्या. कुणाच्या होत्या? तर म्हणे, वर लिहिलेलं असायचं ना, ‘घरधनिणीस’.

आता कळलं? आई माझं नाव लिहिणार नव्हती. जिभेवर घेणार नव्हती म्हणून कागदावरही नाही. तिच्या लेखी ॲलेकच्या घरची घरधनीण मी. आणि ॲलेकच्या लेखी? मी म्हटलं, मेल्या, या घरची घरधनीण कोण? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली मूर्ती मागितली. ‘आई आहे की अजून,’ म्हणाला.

आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि किल्ल्या अजून कमरेला आहेत. या बेटावर सासू जिवंत असेपर्यंत सून साठीची झाली तरी सूनच. मी मागच्या खोलीत गेले. पेगीबाई, माझ्या सासूबाई, चुलीशी पाय शेकत बसल्या होत्या. विचारलं, तर त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यात मेणकागद, एकावर एक, नीट घड्या घातलेले. तळाशी पिवळा चुरा. हिवाळ्यात त्या काहीतरी चोखत असायच्या, त्या मला खोकल्याच्या गोळ्या वाटायच्या. दात नाहीत, म्हणून आवाज नाही.

‘तुझी आई मानी बाई,’ म्हणाल्या. ‘लेकीवर राग, पण विहिणीचा मान राखला. मीही रिकाम्या हाती राहिले नाही, दर वर्षी डल्स धाडलं. घरधनिणीस म्हणूनच धाडलं.’

दोघी कधी भेटल्या नाहीत, कॅसी. बावीस वर्षं एकमेकींना गोड आणि खारट पाठवत राहिल्या, आणि मध्ये मी रागानं भांडी घासत होते. मी हसत नाहीये. तू हसत असशील तर मला सांगू नकोस.

आणि एक. तू नमो मरिया इंग्रजीत म्हणतेस का?

ऊना

*

बॅलीकॅसल,
१४ ऑगस्ट

प्रिय ऊना,

हसले. मग इतकी रडले की शेजारीण डोकावून गेली. तिला सांगितलं की सिरपचा चटका बसला.

इंग्रजीत नाही तर कशात म्हणू? तुझ्या वेळी घरात आयरिश बोलत होते. माझ्या वेळेपर्यंत आईनं ठरवून टाकलं की धाकटीला तिकडे जाऊ द्यायचं नाही, शाळेत मुलं हसतात. माझ्याशी ती इंग्रजीच बोलली. देवाशी मात्र आयरिश, आणि पाकाशीही. तिच्या सात आणि माझ्या सात सारख्या नाहीत, हे आत्ता डोक्यात शिरलं. माझं बोलणं तुला माहीत आहे. जपमाळेत मी सगळ्यांच्या आधी आमेनला पोचते.

मग सावकाश म्हणून पाहिलं. करपला. थोडं कमी सावकाश म्हटलं, चिकट. मध्यम म्हटलं तर अर्धं ताट करपलेलं आणि अर्धं चिकट, ते कसं झालं हे मरियामातेलाच ठाऊक. आजवर अकरा घाणे डुकरांना गेले. डुकरं खूश आहेत. मी धावले तर चिकटतं, थांबले तर जळतं, आणि तेरा दिवस उरलेत. पेपरमिंटवाल्यानं काल मला विचारलं, बाई, जागेवर सावली केव्हा येते?

ऊना, ती प्रार्थना कागदावर येत नाही. आयरिश तुला लिहिता येत नाही, मला वाचता येत नाही, आणि सूर तर कुणालाच लिहिता येत नाही. आईचं घड्याळ आता फक्त तुझ्या तोंडात उरलंय. तू ये. यलोमॅन तुझ्यापर्यंत पोचला नाही, पण तो निघाला होता. आता तरी ये.

कॅसी

*

रॅथलिन,
१८ ऑगस्ट

कॅसी,

चार दिवस तुला उत्तर लिहितेय. तीन कागद चुलीत गेले. रोज कड्यापर्यंत जाऊन समुद्र बघते आणि परत येते. ॲलेक म्हणतो, एवढं चाललीस तर एव्हाना बॅलीकॅसल आलं असतं.

तुला एक सांगायचं आहे. आईच्या मातीला मी आले नाही, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की समुद्र खवळला होता. होता. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी, तुम्ही तिला नेलंत त्या सकाळी, पाणी परातीत ठेवल्यासारखं शांत होतं. ॲलेकनं होडी काढली. मी काळा कोट घातला, बटणं लावली, दारापर्यंत गेले. मग वाटलं, जिनं जिवंतपणी बोलावलं नाही तिच्याकडे मेल्यावर का जायचं. बटणं काढली. ॲलेक काही बोलला नाही, होडी परत ओढून ठेवली. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा माझ्याकडे निदान कारण होतं. आता तुझ्या पत्रानं तेही गेलं. ज्या चौकात सगळ्या गावानं तिची शवपेटी खांद्यावर पाहिली, तिथे मी कुठल्या तोंडानं येऊन टॉफी फोडू? नाही जमत मला. चिडू नकोस, किंवा चीड.

पण तुझी जागा जाऊ देणार नाही. सासूबाईंना धाडतेय. प्रार्थना त्यांनाही तीच येते, आणि त्या आईच्याच वयाच्या, त्याच सुरातल्या. मी विचारायच्या आत त्यांनीच ठरवलं. ‘बावीस वर्षं खाल्लाय, आता ऋण फेडून येते,’ म्हणाल्या. गुरुवारी ॲलेक आणेल. खुर्चीला पाठ उंच लागते, चहा काळा लागतो, आणि त्यांच्यापुढे माझं गाऱ्हाणं मांडू नकोस.

ऊना

*

बॅलीकॅसल,
२४ ऑगस्ट

प्रिय ऊना,

सासूबाई सुखरूप पोचल्या. ॲलेकनं त्यांना धक्क्यावर मेंढीसारखं उचलून ठेवलं, त्याबद्दल त्याच्या कानफटात बसली. आल्या आल्या त्यांनी विचारलं, तुझ्या आईची खुर्ची कुठली. मी दाखवली, तर तीत बसल्या नाहीत, स्टूल ओढून घेतलं. आज त्यांना चौक दाखवायला नेलं. पेपरमिंटवाला मोजायला आलेलाच होता. त्याच्याशी काय बोलल्या कळलं नाही, आयरिश होतं. तो दुपारपासून दिसला नाही.

उद्या सकाळी पाक चढवणार.

कॅसी

*

बॅलीकॅसल,
२६ ऑगस्ट, सकाळ

ऊना,

ॲलेक मेंढ्या आणायला परत निघालाय आणि मला घाई करतोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

काल पहिला पाक चढवला. सासूबाईंनी डोळे मिटले, आणि वास आला तशी सुरुवात केली. तोच सूर, मध्ये घेतलेला तोच दम. मी ढवळत होते, मान वर करायची हिंमत झाली नाही. सात झाल्या, त्यांनी ‘हं’ म्हटलं, मी उतरवला. फुगला छान. थंड झाल्यावर हातोडी मारली. चिकट. माझ्यापेक्षा बरा, पण दातांना धरून ठेवील असा. मी फरशीवर बसले आणि रडले.

त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, ‘ही बिडाची चूल केव्हाची?’ मी सांगितलं, ऊना गेली त्याच्या पुढच्या वर्षी बसवली. त्या म्हणाल्या, ‘मग सुनेच्या सात या उघड्या चुलीवरच्या आहेत. या डब्यातला जाळ मंद. इथे सात पुरायच्या नाहीत. तुझी आई सातांनंतर काय म्हणायची?’

म्हणायची, ऊना. मला आठवलं. सातांनंतर ती थांबायची नाही, आणखी काहीतरी लांबलचक असायचं, ते नमो मरिया नव्हतं. मला वाटायचं शेवटचं आमेन मोठं असेल. वीस वर्षं मी ते ऐकलं आणि एक अक्षर कळलं नाही. पण आवाज कानात होता. पोपटासारखा तो तसाच्या तसा म्हणून दाखवला. सासूबाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

‘हे कुठल्या पुस्तकातलं नाही,’ म्हणाल्या. ‘तुझ्या आईनं स्वतः रचलंय. तू म्हणतेयस की, माते, पाण्यापलीकडच्या माझ्या लेकीचे पाय कोरडे ठेव, तिच्या चुलीतला विस्तव विझू देऊ नकोस, आणि तिच्याआधी मला ने.’

मग दुसरा पाक चढवला. सात त्यांनी म्हटल्या, आठवं मी म्हटलं. या वेळी अर्थ माहीत होता म्हणून दोनदा अडखळले, तरी वेळ बरोबर आली. हातोडी मारली तर कपबश्या फुटाव्या तसा आवाज झाला आणि तुकडे खिडकीवर जाऊन आपटले. दिवसभर तेच करत होतो. जागा राहिली, ऊना. उद्या आठ वाजता मी चौकात उभी राहणार.

तुला ये म्हणत नाही. ते म्हणून झालं. फक्त तुझा होता तो पहिला तुकडा पत्रासोबत धाडलाय. या खेपेला नाव लिहून.

कॅसी

*

रॅथलिन,
२७ ऑगस्ट, पहाट

कॅसी,

पत्र काल दुपारी आलं. वाचलं, बाहेर जाऊन मेंढ्या मोजल्या, आत येऊन पुन्हा वाचलं. ॲलेकला काय जेवायला वाढलं ते आठवत नाही. कच्चा बटाटा होता असं तो म्हणतो.

तो आता मेंढ्या होडीत चढवतोय. मीही निघतेय. पण माझा मलाच भरवसा नाही, एकदा कोट घालून काढलेली बाई आहे मी. म्हणून हे लिहून त्याच्या खिशात ठेवते. मी धक्क्यावरूनच मागे फिरले तर तो तुला देईल.

तर ऐक. आईचा राग खरा होता आणि त्याच्या जोरावर मी या खडकावर बावीस वर्षं काढली. कुणी टाकून बोललं की मनात म्हणायचे, सख्ख्या आईनं टाकलंय, त्यापुढे हे काय. आता ते म्हणता येणार नाही, आणि दुसरं काही म्हणायची सवय नाही. दर ऑगस्टला उकळत्या पाकासमोर उभी राहून ती माझ्यासाठी मागत होती. आणि तिला मातीत ठेवायच्या दिवशी समुद्र शांत असून मी घरात बसले. हे आता कशानं फिटणार नाही. माफ कर म्हणत नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि तू सोडून कुणी उरलं नाही.

मला आई हवी आहे, कॅसी. बेचाळीस वर्षांची घोडी झाले, पण हवी आहे.

ऊना

(खाली, पेन्सिलीनं)

पत्र ॲलेकच्या खिशातून काढून घेतलंय. चौकाच्या कोपऱ्यावर उभी राहून हे लिहितेय आणि आत्ता मीच तुझ्या हातात देतेय. पण वाचत बसू नकोस. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, आणि तू तुकडे फारच लहान फोडतेयस. हातोडी इकडे दे.